उणे बावीस

व्हाउचर मीच लिहिलं.
खातं: जाहिरात खर्च. तपशील: दक्षिण ध्रुव.
रक्कम आकड्यात, मग अक्षरी, शेवटी ‘फक्त’.
एवढ्या पैशाला ‘फक्त’ लिहिताना
दर वेळी हसू येतं. त्या दिवशी नाही आलं.

बोरस्ते शीतगृह, अंबड.
मटार, मका, डाळिंबाचे दाणे.
मोसमात द्राक्षं, पण त्यांची खोली वेगळी,
द्राक्षाला उणे सोसत नाही.
निफाडकडच्या कुणालाही विचारा,
पारा चारवर आला की रात्रभर बागेत शेकोट्या.

शेठच्या धाकट्या सुनेनं काढलं हे.
म्हणाली, चार बाया बर्फावरून चालणार, पन्नास दिवस,
आणि आपण, पप्पा, थंडीच तर विकतो.
शेठ म्हणाले, तिथं गिऱ्हाईक कोण, पेंग्विन?
सगळे हसले. मग फोटोचा हिशोब झाला.
छातीवर उजवीकडे, नऊ सेंटिमीटर.
डावीकडची जागा एका बँकेनं आधीच घेतली होती.

मे महिन्यात त्या सरावाला आल्या.
इरावती गायधनी इथलीच, म्हसरूळची. नसीम कोकणी.
एक कोल्हापूरची. एक लेहची, ती बोलायचीच नाही.
बाहेर एक्केचाळीस,
पाथर्डी फाट्यावर डांबर चपलेला चिकटत होतं.
आत तीन नंबरची खोली.
मटारच्या क्रेटांमधल्या बोळात त्यांनी तंबू ठोकला,
रात्र काढायची होती.

रात्रपाळीला कौसल्या बेंडकोळी.
अकरा वर्षं झाली तिला या खोलीत.
वीस मिनिटं आत, दहा बाहेर, असं भिंतीवर लिहिलंय.
गाडी लागलेली असली की
भिंत कोण वाचतं?

नसीमनं दातांनी हातमोजा ओढला, स्टोव्ह पेटत नव्हता,
आणि ओलं बोट लोखंडाला—
‘ओढू नको!’
दारातून कौसल्या ओरडली.
‘हाऽ कर त्याच्यावर. तोंडाची वाफ. हळू.’
मग ती आत शिरलीच.
मोजे काढले तर काखेत ठेवायचे, खिशात नाही.
ओठाला जीभ लावायची नाही.
नाक एकमेकीचं बघायचं, आपलं आपल्याला कळत नाही.
आणि झोप गोड लागायला लागली ना,
की उठून भांडायचं.
कुणाशी? कुणाशीही. मी सासूशी भांडते, मनातल्या मनात,
ती जाऊन सात वर्षं झाली.
लेहची हसली तेव्हा.
इरावतीनं वहीत लिहून घेतलं.

कौसल्याच्या अंगावर दिराचं जर्किन, डोक्याला टॉवेल.
त्यांच्या एका जाकिटाची किंमत मला पाठ होती,
बिल माझ्याच टेबलावर आलं होतं.

माझ्या खणात तळाशी एक अर्ज होता.
तीन नंबरच्या बायका, अस्तराचे कोट, नग चौदा.
दोन वर्षं झाली त्याला.
शेरा: पुढील बजेटमध्ये पाहू.
शेठ बोलले होते. अक्षर माझं.

सकाळी नवं व्हाउचर केलं.
खातं: जाहिरात खर्च. तपशील: ध्रुव मोहीम, पूरक.
शेठनं फोनवर बोलत बोलत सही केली.
कोट आले, सगळे एकाच मापाचे,
कौसल्याच्या बाह्या बोटांच्या खाली जातात.
ती म्हणते, बरंच आहे, मोजे वाचले.

जानेवारीत फोटो आला.
पांढरं, पांढरं, त्यात चार लाल जाकिटं,
आणि आमचं नाव, निम्मं बर्फानं पुसलेलं.
शेठनं मोठी फ्रेम करून रिसेप्शनला लावली,
नाव नीट दिसत नाही म्हणून दोन दिवस कुरकुरले.

कौसल्या पाळीला येताना थांबली.
डब्याची पिशवी खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली.
मी म्हटलं, काय बघतेस?
‘हात उघडे आहेत पोरीचे.’
मग काचेवर बोट टेकवून,
इरावतीच्या दंडाखाली, जाकीट जरा फुगलेलं तिथं,
‘हां. काखेत आहेत.’

आणि पिशवी उचलून आत गेली.
गाडी लागली होती.